वाईट दिवशीही जमतील अशा सवयी

संकल्प बहुतेक वेळा चांगल्या दिवशी केले जातात. झोप छान झालेली असते, कामाचा ताण नसतो, कुणाचं तरी भाषण ऐकून अंगात वारं संचारलेलं असतं. मग यादी तयार होते: पहाटे पाचला उठायचं, अर्धा तास ध्यान, पाऊण तास व्यायाम, रोज दहा पानं वाचन, रात्री रोजनिशी, आणि मुख्य म्हणजे आजपासून नकारात्मक विचार बंद. चार-सहा दिवस जोर टिकतो. मग एक दिवस असा उगवतो की डोकं ठणकत असतं, आदल्या रात्री कुणाशी तरी वाजलेलं असतं, कामावर बोलणी खाल्लेली असतात. त्या दिवशी यादीतलं एकही कलम होत नाही आणि नव्याचे नऊ दिवस संपतात. वर "आपल्याच्यानं काही होत नाही" हा नवा नकारात्मक विचार पदरात पडतो तो वेगळाच.

ज्यांनी असलं काही कधी केलेलं नाही, किंवा दोन-तीनदा करून सोडून दिलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. सवय ठरवताना तुमचा सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवा. त्या दिवशी हातून जेवढं होईल तेवढंच 'रोजचं' म्हणून ठरवा. चांगल्या दिवशी त्याहून जास्त झालं तर झालं, पण ते हिशेबात धरू नका.

सकारात्मक राहणं म्हणजे कायम हसतमुख असणं, ही समजूतही इथेच सोडून द्या. दुःखाच्या प्रसंगी दुःख होणारच, अपमान झाला की राग येणारच, आणि तसं झालं तर तुमचं मन नीट चालू आहे असं समजायचं. आपल्याला बघायचंय ते एवढंच, की खाली गेलेलं मन किती वेळ तिथे रेंगाळतं आणि त्याला परत वर यायला काय मदत करतं.

आधी एक खबरदारी

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, आवडत्या गोष्टींतही रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, अंघोळीसारखी साधी कामंही डोंगराएवढी वाटत असतील, तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्याचं निदान करताना तेही हीच दोन आठवड्यांची मुदत बघतात. कधी कधी मूळ कारण थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय किंवा ब-१२ची कमतरता असं शारीरिकच निघतं आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. जगणंच नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्याच दिवशी मदत घ्या. सवयी नंतर लावता येतात.

पहिली पायरी: तीन दिवस नुसतं बघा

लगेच काही बदलू नका. तीन दिवस खिशात एक कागद ठेवा आणि मन घसरल्याचं लक्षात आलं की चार गोष्टी टिपा: किती वाजले होते, कुठे होतात, त्याआधीचा अर्धा तास काय करत होतात, आणि शरीर कसं होतं, म्हणजे भूक, थकवा, डोकेदुखी वगैरे. विचार काय होता हे लिहिलं नाही तरी चालेल. सुरुवातीला विचारांच्या मागे लागलं की माणूस त्यातच अडकतो.

तीन दिवसांत बहुतेकांना काहीतरी साचा दिसतो. दुपारी चारच्या सुमारास, पोट रिकामं असताना, घसरगुंडी सुरू होते. किंवा रात्री अकरानंतर, अंथरुणात पडून फोनवर बोट फिरवत असताना. किंवा एका ठरावीक माणसाशी बोलणं झाल्यावर. "मी मुळातच नकारात्मक आहे" असं ज्याला वाटत होतं त्याला कळतं, की आपण दिवसातले ठरावीक दोन तास नकारात्मक असतो आणि त्यातला एक तास तर उपाशी असतो. हे कळणंच निम्मं काम आहे. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. तुमची झोप सतत पाच-साडेपाच तासांचीच होत असेल तर बाकीच्या सवयींच्या आधी झोपेकडे बघा.

मुळात मन वाईटाकडे का धावतं, हेही जाणून घ्यायला हवं. मन चिंती ते वैरी न चिंती असं आपण उगाच म्हणत नाही. २००१ साली मानसशास्त्रात या विषयावर दोन मोठे लेख आले. एक पॉल रोझिन आणि एडवर्ड रॉइझमन यांचा, दुसरा रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. तोवर झालेलं बरंच संशोधन तपासून दोन्हींचा निष्कर्ष एकाच दिशेनं गेला: वाईट घटना, वाईट शब्द, वाईट बातमी यांचा ठसा तेवढ्याच चांगल्यापेक्षा खोल उमटतो. नऊ जणांनी कौतुक केलं आणि एकानं नाक मुरडलं तर रात्री कूस बदलताना कोण आठवतं, याचा अनुभव सगळ्यांनाच आहे. धोका ओळखायला चुकणाऱ्याची पूर्वी धडगत नव्हती, म्हणून मेंदू असा घडला असावा असं म्हणतात. तेव्हा वाईट विचार आधी येणं हा तुमच्या स्वभावातला दोष नाही. पण चांगल्याकडे लक्ष आपोआप जाणार नाही, ते मुद्दाम न्यावं लागेल.

दुसरी पायरी: एकच सवय आणि तिची खुंटी

पुढे चार-पाच सवयी सांगितल्या आहेत. त्यातली एकच निवडा. सगळ्या एकदम सुरू केल्यात तर सगळ्या एकदम बंद पडतील. कुठली घ्यावी हे सुचत नसेल तर रात्रीच्या ओळींपासून, म्हणजे दिवसातल्या बऱ्या गोष्टी लिहून ठेवण्यापासून, सुरुवात करा. तिला पैसा लागत नाही, जागा लागत नाही आणि कुणाला कळतही नाही.

आता ती टांगायची कुठे? सवय हवेत राहत नाही, तिला आधीपासून भिंतीत असलेली खुंटी लागते. रोज न चुकता, न आठवता तुम्ही जे करता ती तुमची खुंटी. 'सकाळी' ही खुंटी नव्हे, सकाळ फार लांबलचक असते. 'वेळ मिळेल तेव्हा' तर नाहीच नाही. 'दात घासून ब्रश जागेवर ठेवला की', 'घरी येऊन चपला काढल्या की', 'रात्री फोन चार्जिंगला लावला की' या खऱ्या खुंट्या. या प्रत्येकात एक क्षण आहे, हाताची एक हालचाल आहे, आणि ती सुटीच्या दिवशी, आजारपणात, भांडणानंतरही होतेच.

मग वाक्य तयार करा: "जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन." वाक्य साधं दिसतं, पण त्यात दम आहे. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं या पद्धतीवर अनेक वर्षं काम केलं, आणि २००६ साली त्यानं पास्कल शीरन यांच्यासोबत अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. 'मला हे करायचंय' एवढंच ठरवणाऱ्यांपेक्षा 'कधी आणि कुठे' हे आधीच ठरवून ठेवणाऱ्यांच्या हातून ती गोष्ट बऱ्यापैकी जास्त वेळा घडली. कारण समजण्यासारखं आहे. ऐन वेळी 'करू का नको' हा वाद घालायला मन मोकळं राहत नाही. निर्णय आधीच झालेला असतो.

आता आकार. तुम्ही जे ठरवलंय ते ताप आलेला असताना करू शकाल का, हे स्वतःला विचारा. "वीस मिनिटं ध्यान" तापात होणार नाही. "पाच श्वास मोजून घेणं" होईल. "रोज एक पान लिहिणं" होणार नाही, "एक ओळ" होईल. आकार ऐकून हसू आलं तर बरोबर निवडलाय. इतकं लहान केल्यानं काय फरक पडणार, असं वाटेल. पहिल्या महिन्यात फरक पाडायचाच नाहीये. सवय त्या खुंटीवर बसवायचीय, बस्स.

सकाळी फोनच्या आधी उजेड

ही सवय झोपेचा गोंधळ असलेल्यांसाठी. उठल्यावर पहिली काही मिनिटं बाहेरच्या उजेडात काढा, खिडकीपेक्षा गच्ची, अंगण किंवा रस्ता बरा. घरातला दिवा डोळ्याला लख्ख वाटला तरी तो साधारण १०० ते ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) घरात असतो. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स असतात, आणि भर उन्हात तर लाखाच्या आसपास. मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ डोळ्यांतून आलेल्या या प्रकाशावर जुळवलं जातं. सकाळचा उजेड मिळाला की रात्री झोपही वेळेवर येते. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, हे सांगायला नको.

फोनचं म्हणाल, तर तो गजरासाठी उशाशी असतो आणि गजर बंद करायला हातात आला की पंधरा मिनिटं गेलीच. साधं गजराचं घड्याळ आणा. इच्छाशक्तीपेक्षा ते स्वस्त पडतं.

मन नाही म्हणालं तरी पाय हलवा

आपल्या डोक्यात क्रम असा असतो: आधी बरं वाटेल, मग उत्साह येईल, मग मी उठेन. उदास मनाच्या बाबतीत हा क्रम उलटा लावावा लागतो. उदास माणूस काही करत नाही. काही न केल्यामुळे दिवसात चांगलं असं काहीच घडत नाही. काही घडत नाही म्हणून तो आणखी उदास होतो. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी या चक्रावर बोट ठेवलं आणि ते कृतीच्या टोकाकडून तोडण्याची पद्धत मांडली. पुढे १९९६ साली नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांवर तुलना करून पाहिली. विचारांवर काम करणारा पूर्ण उपचार एका गटाला, आणि नुसती कृती वाढवण्याचा भाग दुसऱ्या गटाला. दुसरा गट मागे पडला नाही.

यातून नवख्यानं घ्यायचं ते इतकंच: 'मूड आला की जाईन' हे वाक्य वापरातून काढून टाका. त्याऐवजी, "घरी येऊन पिशवी खाली ठेवली की मी परत दाराबाहेर पडेन आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन येईन." कोपऱ्यापर्यंतच. परत यावंसं वाटलं तर या, सवय पूर्ण झाली. बहुतेक वेळा माणूस कोपऱ्यावर पोचल्यावर पुढेच जातो, पण ते बंधन नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करायला सांगते. पूर्वी ती सलग किमान दहा मिनिटांच्या तुकड्यांत हवी अशी अट होती. २०२०च्या सूचनांत ती अट गेली. म्हणजे तुमची तीन मिनिटंही आता जमेच्या बाजूला आहेत.

चालणं शक्य नसेल तर हातानं होणारं आणि संपलेलं दिसणारं कुठलंही काम चालेल. एक खण आवरणं, झाडाला पाणी घालणं, चार भांडी विसळणं. 'संपलेलं दिसणारं' हे महत्त्वाचं. ऑफिसची कामं कधी संपत नाहीत, आवरलेला खण मात्र आवरलेला दिसतो.

डोक्यातल्या विचाराशी कसं बोलायचं

इथे जरा थांबू, कारण सर्वांत जास्त चुकीचे सल्ले याच बाबतीत मिळतात.

आरशासमोर उभं राहून "मी उत्तम आहे, मी यशस्वी आहे" असं रोज म्हणा, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. २००९ साली कॅनडात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. लोकांना "मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे" अशा अर्थाचं वाक्य पुन्हापुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता, म्हणजे खरी गरज होती, त्यांना म्हटल्यावर उलट वाईट वाटलं. आतून दुसरा आवाज लगेच "हे खोटं आहे" म्हणत असावा. उज्ज्वल भवितव्याची स्वप्नं रंगवण्याचंही तसंच. गॅब्रिएल ओटिंगन यांनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा दोन वर्षं मागोवा घेतला, तेव्हा यशाच्या कल्पनेत जास्त रमणाऱ्यांनी अर्ज कमी केले होते आणि त्यांना नोकऱ्याही कमी मिळाल्या होत्या. कल्पनेतच पोचल्यावर चालणार कोण?

मग काय करायचं? एक उदाहरण घेऊन बघू. संध्याकाळी सहा वाजता साहेबांचा निरोप येतो: "उद्या सकाळी भेटा, बोलायचंय." एवढाच. पुढच्या दहा मिनिटांत मन इतकं धावतं: परवाच्या अहवालात काहीतरी चुकलं असणार, त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं असणार, आता मला काढणार, घराचे हप्ते कसे भरायचे, या वयात दुसरी नोकरी कोण देणार. निरोपात चार शब्द होते. बाकीचं सगळं आपण लिहिलं.

अशा वेळी तीन ओळी कागदावर उतरवायच्या. डोक्यात नको, कागदावरच, कारण डोक्यात तिसरी ओळ येईपर्यंत पहिली बदललेली असते.

पहिली ओळ भावनेची: "मला भीती वाटतेय, आणि पोटात गोळा आलाय." भावनेला नाव दिल्यानं ती जरा उतरते. २००७ साली मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं लोकांना भावना दाखवणारे चेहरे दाखवून मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा भावनेला शब्द देताना अमिग्डला या, भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली.

दुसरी ओळ निव्वळ घडलेल्याची: "साहेबांनी उद्या भेटायला सांगितलंय." इथे एकही अंदाज नको. 'रागानं सांगितलंय' हाही अंदाजच, निरोपात आवाज ऐकू येत नाही.

तिसरी ओळ बाकीच्या शक्यतांची: "नवं काम द्यायचं असेल. सुटीचं विचारायचं असेल. अहवालात चूक असेलही, तर ती दुरुस्त करायला सांगतील." यात वाईट शक्यता मुद्दाम ठेवलीय. 'सगळं छानच होणार' असं लिहिलंत तर तुमचा तुमच्यावरच विश्वास बसणार नाही. ओळ पटण्याजोगी हवी, गोड असण्याची गरज नाही.

हे मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांच्या पद्धतीतलं साधं रूप आहे. १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांशी बोलताना त्यांना आढळलं, की आपोआप येणारे विचार माणूस न तपासता खरे मानून चालतो. आणखी एक छोटी युक्ती: स्वतःशी बोलताना 'मी'ऐवजी स्वतःचं नाव घ्या. "अगं सुनीता, गेल्या वेळीही असंच घाबरली होतीस, काय झालं मग?" ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःला असं नावानं हाक मारून बोलणारे कमी अस्वस्थ झाले. दुसऱ्याला सल्ला देताना आपण सगळेच शहाणे असतो, तो शहाणपणा स्वतःकडे वळवायचा. मोठ्यानं बोलू नका मात्र, शेजारी कुणी असेल तर.

ही सवय वाईट दिवसाच्या मापानं बसवायची तर तीनपैकी फक्त पहिली ओळ रोजची धरा: फोन चार्जिंगला लावला की आज मन कसं होतं त्याचं एका शब्दात नाव. 'चिडचिड.' 'हुरहूर.' 'निवांत.' झालं.

रात्रीच्या ओळी

आज घडलेल्या तीन बऱ्या गोष्टी आणि त्या का घडल्या, हे रात्री लिहायचं. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकच आठवडा हे केलं होतं. त्यांच्यात आनंदाची वाढ आणि उदासीची घट पुढे सहा महिन्यांपर्यंत दिसली, आणि जे आठवडा संपल्यावरही आपणहून लिहीत राहिले त्यांना फायदा जास्त झाला.

लिहिणारे बहुतेक जण कुठे अडतात ते सांगतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वही अशी दिसायला लागते:

"कुटुंब. आरोग्य. नोकरी."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. हे लिहायला डोळे उघडावे लागत नाहीत, म्हणून त्याचा उपयोगही होत नाही. आता हे बघा:

"दुपारी लिफ्ट बंद होत असताना आत उभ्या असलेल्या बाईंनी हात मध्ये घालून दार थांबवलं. का? मी धावत येताना त्यांनी बघितलं म्हणून, आणि त्यांना थांबावंसं वाटलं म्हणून."

हे फक्त आजच्याच दिवशी लिहिता आलं असतं. ही कसोटी लावा. जी ओळ कालच्या पानावरही खपून गेली असती ती खोडा. 'का' सोडू नका. 'का'मुळे कधी दुसऱ्याचा चांगुलपणा दिसतो, कधी स्वतःची मेहनत दिसते. "सादरीकरण नीट झालं. का? रविवारी दोन तास बसून तयारी केली होती." नेहमी आपण असं यश नशिबाच्या खात्यात टाकतो आणि अपयश स्वतःच्या.

तीन सुचत नसतील तर एक लिहा. अगदी वाईट दिवशी "दिवस संपला" हीदेखील बरी गोष्ट आहे, निःसंकोच लिहा.

आणि कंटाळा आला तर? लिहिणं वाढवू नका, कमी करा. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात सहा आठवडे काही जणांनी आठवड्यातून एकदा आणि काहींनी तीनदा अशी नोंद केली. फायदा एकदावाल्यांना झाला. रोज तेच केलं की त्याचा पाढा होतो. तेव्हा पहिला महिना सवय बसेपर्यंत रोज एक ओळ, नंतर वाटल्यास आठवड्यातून एक-दोनदा निवांत बसून, असं केलंत तरी हरकत नाही.

ज्यांना अंथरुणात पडल्यावर उद्याची कामं छळतात त्यांनी आधी दुसरा कागद घ्यावा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याच्या आणि पुढच्या काही दिवसांच्या कामांची यादी करायची. मायकल स्कलिन यांनी २०१८ साली ५७ तरुणांवर झोपेच्या प्रयोगशाळेत हे करून पाहिलं. झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा राहिलेल्या कामांची यादी करणाऱ्यांना सुमारे ९ मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

माणसं

थोडक्यात सांगतो. दिवसात एकदा कुणाशी तरी कामाव्यतिरिक्त एक वाक्य बोला. जिवलगच हवा असं नाही. रोज दिसणारे पण नावानं न ओळखलेले लोक, पहारेकरी, शेजारच्या टेबलावरचे, यांच्याशी झालेल्या दोन शब्दांनीही दिवसाचा रंग बदलतो, असं जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४च्या अभ्यासात दिसलं. बोलायला संकोच वाटत असेल तर एक संदेश पाठवा, त्यात 'शुभ सकाळ'चं चित्र मात्र नको. "परवा तुम्ही सांगितलेली युक्ती लागू पडली" असं त्या माणसालाच उद्देशून काहीतरी.

खंड पडल्यावर

पडणारच. २१ दिवसांत सवय लागते हे वाक्य डोक्यातून काढा. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' पुढे गळाला आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावायला देऊन १२ आठवडे पाहिलं. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ मधोमध धरला तर ६६ दिवस निघाला, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि नवख्यासाठी सगळ्यात दिलासा देणारी बाब: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेत विशेष फरक पडला नाही.

म्हणून चुकलेल्या दिवसाची भरपाई करू नका. काल एक ओळ राहिली म्हणून आज दोन, हा हिशेब सुरू केला की चार दिवसांत थकबाकी साचते आणि वही उघडायचीच लाज वाटते. चुकलेलं पान कोरं सोडा आणि आजच्या तारखेनं पुढे जा. लागोपाठ तीन दिवस चुकले तर स्वतःला दोष देण्याऐवजी खुंटी तपासा. 'रात्री फोन चार्जिंगला लावला की' असं ठरवलं होतं आणि चार्जर बैठकीच्या खोलीत, वही झोपायच्या खोलीत, असंच काहीतरी निघतं. वही चार्जरपाशी नेऊन ठेवा, पेन तिच्यातच अडकवा.

पुढचं कधी वाढवायचं

पहिली सवय आठवण न करता व्हायला लागली की दुसरी घ्या, त्याआधी नाही. हे ओळखायचं कसं? एखाद्या दिवशी ती केल्याशिवाय झोपायला गेलात आणि काहीतरी राहिल्यासारखं वाटलं, की समजा ती बसली. काहींना दोन महिने लागतील, काहींना चार. दोघांचंही बरोबर चाललंय.

प्रगती मोजायला "मी आता आनंदी आहे का?" हा प्रश्न वापरू नका. त्याचं उत्तर त्या वेळच्या हवेवर आणि पोटावर अवलंबून असतं. महिन्यातून एकदा वही चाळा आणि पहिल्या तीन दिवसांचा कागद शेजारी ठेवा. घसरण त्याच वेळी होते का? झाली की सावरायला तेव्हा दोन दिवस जात होते, आता संध्याकाळपर्यंत सावरता का? घरातल्या एखाद्या माणसालाही विचारा, कारण चिडचिड कमी झाल्याचं आपल्याआधी त्यांना कळतं.

एखादी सवय महिनाभर प्रामाणिकपणे करूनही नुसतं ओझं वाटत असेल तर ती काढून टाका आणि यादीतली दुसरी घ्या. कुणाला लिहिणं मानवत नाही, कुणाला चालणं. ज्या सवयीनं तुम्हाला काही दिलं नाही ती दुसऱ्या कुणाला लागू पडली असेल, म्हणून तिला धरून बसायचं कारण नाही. खुंटी मात्र तीच ठेवा. ती एव्हाना पक्की झालेली असते, नवी सवय तिच्यावर लवकर बसते.